सासूबाईंनी वाचून दाखवलेलं पत्र

दोन हजार चौदा साल. त्या वर्षी घरोघरी आणि कचेऱ्याकचेऱ्यांत एकच घोळ चालला होता, कॉम्प्युटरची जुनी सिस्टिम ठेवायची की नवी घालायची. बहुतेकांनी चार दिवस कुरकुर केली आणि नवी घातली. या घरात मात्र ते ठरायला पंधरा दिवस लागले, आणि त्यातले तेरा दिवस तर काही ठरवायचं आहे हेच सुनेला ठाऊक नव्हतं.

कॉम्प्युटर सुनेचा. ती टायपिस्ट. एका मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याचा अहवाल तोंडी बोलून ठेवत. ते बोलणं तिच्याकडे येई आणि ती घरी बसून टाइप करून परत पाठवी. तिला दिसत नसे. चौदाव्या वर्षी नजर कमी व्हायला लागली आणि विसाव्या वर्षी पुरती गेली. डाव्या कानात डॉक्टर, उजव्या कानात टाइप केलेलं वाचून दाखवणारा कॉम्प्युटरचा आवाज, आणि पायाखाली डॉक्टरांना मधेच थांबवायचं पेडल, अशी तिची बैठक. डॉक्टरांना पायाखाली ठेवायची सोय जगात फक्त हिलाच मिळाली आहे, असं तिचा नवरा म्हणे. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत लटकलेला असायचा.

उजव्या कानातल्या आवाजाला तिने नाव ठेवलं होतं ठोकळ्या. त्याला चढ नाही, उतार नाही, श्वास नाही. पण त्याला पळवावं तितका पळे. माणूस बोलतो त्याच्या चौपट वेगाने तो वाचायचा आणि त्यातलं एक अक्षर तिच्या कानातून निसटत नसे. बाकीच्यांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. सासूबाई म्हणत, “पत्र्यावर वाटाणे सांडतायत नुसते. तुला त्यात माणसाचं बोलणं ऐकू येतं म्हणजे कमाल आहे.” एकोणीस वर्षं तिने ठोकळ्याबरोबर काढली होती. रोजचे तीस अहवाल, कधी बत्तीस. तिच्या बरोबरीच्या डोळस टायपिस्टांचे बावीसच्या वर जात नसत, आणि ही गोष्ट ती कधी बोलून दाखवत नसली तरी रात्री झोपताना तिला तेवढी पुरत असे.

आता सासूबाई. त्या पोस्टात टपाल छाटायला होत्या, एकतीस वर्षं. ज्या पाकिटावरचा पत्ता कुणालाच लागायचा नाही ते शेवटी त्यांच्या टेबलावर यायचं. ओलं झालेलं, पुसलेलं, लहान मुलाने लिहिलेलं, दारू पिऊन लिहिलेलं, सगळं त्या वाचायच्या. मुलाने अशी मुलगी पसंत केली तेव्हा त्या दोन महिने त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. मग लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सुनेच्या नावाने एक पत्र आलं. सासूबाईंनी ते फोडलं, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, “बस. वाचते.” तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक कागद त्याच वाचत आल्या. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, विजेचं बिल, जाहिरातींची पत्रकंसुद्धा, आणि प्रत्येकावर त्यांचा शेरा. सुनेने वाचून दाखवणारं एक छोटं यंत्र आणायचं काढलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “का? मी मेले का?” तिने ते आणलं नाही.

हॉस्पिटलचं पत्र आलं ते असंच एका सकाळी. कॉम्प्युटरबद्दलची सूचना, ती छापील कागदावर, आणि तीही नजर गेलेल्या बाईला. पण हॉस्पिटलला सही हवी होती.

सासूबाई खुर्चीत बसल्या. पाकीट फाडल्याचा आवाज आला, कागद उलगडल्याचा आला, आणि मग जरा वेळ काहीच आलं नाही.

“काय म्हणतायत?” सुनेने विचारलं.

“काय म्हणणार. नेहमीचंच. सगळ्यांनी कामं वेळेवर पाठवा, शिस्त पाळा. खाली साहेबाची लांबलचक सही. ह्यांना कागद स्वस्त झालाय.”

“सिस्टिमबद्दल काही नाही ना? सगळीकडे चाललंय म्हणून विचारते.”

“नाही बाई. असतं तर सांगितलं नसतं का?”

सून कामाला लागली. आणि तेराव्या दिवशी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातल्या बाईंचा फोन आला. या बाई तिच्या वरिष्ठ, तोंडाने फटकळ पण मनाने बऱ्या.

“अगं, तू पत्राला उत्तर का देत नाहीस? परवा शेवटचा दिवस आहे.”

“कसलं उत्तर?”

“म्हणजे? पत्र मिळालं नाही?”

सुनेच्या तोंडावर आलं होतं, मिळालं की, त्यात तर शिस्तीबद्दल होतं. ती थांबली. म्हणाली, “मिळालं, पण कुठे ठेवलं गेलं कोण जाणे. तुम्हीच जरा वाचून दाखवता?”

बाईंनी वाचलं. एक तर नवी सिस्टिम घालून घ्या, माणूस पाठवू. नाहीतर निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर जुन्यावरच चालू ठेवायची परवानगी मागा. सोबतच्या अर्जावर दोन चौकटी आहेत, एकीत खूण करा. “तुझी पावणेतीन राहिलीत,” बाई म्हणाल्या. “मी तर तुझ्यासाठीच ते कलम घालून घेतलंय. जुन्यावर खूण कर आणि मोकळी हो. नव्यावर तुझा तो वाटाणेवाला चालत नाही, माहीत आहे ना?”

“माहीत आहे. उद्या त्या माणसाला मात्र पाठवा. अर्जही त्याच्याबरोबर द्या. एकदा ऐकून तर बघते.”

फोन ठेवला आणि ती तशीच बसून राहिली. पलीकडच्या खोलीत सासूबाई वर्तमानपत्र वाचत होत्या. पान उलटलं. थोड्या वेळाने पुन्हा उलटलं. आणि मग पुन्हा. महिन्या-दीड महिन्यापासून तिच्या कानाला त्यात काहीतरी टोचत होतं, ते काय हे तिला तेव्हा कळलं. वाचणाऱ्या माणसाची पानं अशी उलटत नाहीत. तो एका बातमीवर रेंगाळतो, एखादं पान बघून न बघून टाकतो, मधेच मागे जातो. सासूबाईंची पानं घड्याळ लावल्यासारखी सारख्या अंतराने उलटत होती.

तिला ते ओळखू आलं, कारण तिने स्वतः ते केलं होतं. शाळेत वर्षभर ती पुस्तक उघडून बसायची आणि शेजारणीने पान उलटलं की आपलं उलटायची.

संध्याकाळी तिने नवऱ्याला पत्राचं सांगितलं, पण फोनवरचं तेवढंच. आईचं नाही सांगितलं. तो म्हणाला, “यात विचार कसला करायचा? जुनंच ठेव. चाललेल्या लिफ्टला कुणी हात लावतं का?”

“आणि घरात एक नवंही घेतलं तर? आईंसाठी?”

“आईसाठी? ती हात लावेल त्याला? मागच्या वर्षी भिंग आणलं होतं मी, आठवतं ना? म्हणाली, हे काय म्हाताऱ्या माणसाला दे. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर देऊन टाकलं.”

ते खरंच होतं. सासूबाईंच्या नावाने आणलेली कुठलीही वस्तू घरात टिकली नसती. ती घरात ठेवणं म्हणजे नजर गेली हे कबूल करणं. आणि त्या घरातल्या वाचणाऱ्या होत्या. सुनेच्या कामाची म्हणून आली, तरच अशी वस्तू टिकली असती.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचा माणूस आला. पन्नाशीचा, जाडजूड. कॉम्प्युटरशी बोलताना प्रत्येक वेळी “सावकाश, सावकाश” म्हणे, म्हणून सगळे त्याला सावकाशच म्हणत आणि त्यालाही त्याचं काही नव्हतं. त्याने आपला कॉम्प्युटर टेबलावर ठेवला, त्यातला नवा आवाज लावला आणि त्या दिवशीचं वर्तमानपत्र त्याच्या कॅमेऱ्यापुढे धरलं.

एक बाई वाचायला लागली. खरोखरची बाई वाटावी अशी. स्वल्पविरामाला थांबणारी, प्रश्न आला की आवाज वर नेणारी. सुनेने वेग वाढवायला सांगितला. दुप्पट झाला आणि बाईला धाप लागली. तिप्पट झाला तेव्हा शब्दांचा चिखल झाला.

“याच्यापुढे ही जात नाही,” सावकाश म्हणाला. “माणसासारखी केली ना, मग माणसाचीच मर्यादा आली. खरं सांगू ताई, तुमचं काम निम्म्यावर येईल. जुनंच ठेवा.”

“परत आधीसारखं करा. हळू,” ती म्हणाली.

पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या चालल्या होत्या. त्या थांबल्या. बातमी पुलाच्या दुरुस्तीची होती, लांबलचक, कंटाळवाणी. ती संपेपर्यंत घड्यांचा आवाज आला नाही. मग पावलं दारापर्यंत आली.

“ही कोण बाई?”

“कॉम्प्युटर आहे, आई. नवा आवाज आहे.”

“माणसासारखं बोलतेय की. पण पूल मेमध्ये पुरा होणार म्हणते, ते काही खरं नाही. दरवर्षी मेच म्हणतात.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “पुढे काय लिहिलंय?”

पुढे काय लिहिलंय, हे त्यांनी सून घरात आल्यापासूनच्या सव्वीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. रोजचे तीस अहवाल सुनेच्या मनातून एकदा जाऊन आले. ती सगळ्यांत जलद होती, हे एवढंच तिचं असं होतं जे कुणी तिला हात धरून दिलेलं नव्हतं. पावणेतीन वर्षं ते तसंच राहिलं असतं, कुणी बोट लावलं नसतं.

“सावकाश,” ती म्हणाली, “नव्याच्या चौकटीवर माझं बोट ठेवा.”

“ताई, बघा बरं. एकदा घातलं की मागे जाता येत नाही.”

“ठेवा हो.”

तिने खूण केली आणि सही केली.

पहिल्या महिन्यात तिचे रोज तेराच अहवाल व्हायचे. रेकॉर्डवाल्या बाईंनी फोनवर तिला फैलावर घेतलं. “मी भांडून कलम घालून घेते आणि तू दुसरीच चौकट भरतेस. डोकं ठिकाणावर आहे का?” महिनाअखेरीला त्यांनाच तिला टेलिफोनच्या कामावर हलवावं लागलं, तीन दिवस घरूनच हॉस्पिटलचे फोन घ्यायचे आणि तीन दिवस टायपिंग. ती संध्याकाळी नवऱ्याजवळ रडली आणि का रडते ते सांगितलं नाही. त्यानेही बायकांची जातच वेडी म्हणून सोडून दिलं आणि तिचे पाय चेपत बसला.

सासूबाईंना तिने एवढंच सांगितलं होतं, “आई, मला या बाईची सवय व्हायला हवी. रोज दुपारी तासभर मोठ्याने लावून ठेवीन. तुम्हाला कटकट होईल.”

“वाजू दे. माझं काय जातंय.”

आधी त्या दाराशी उभ्या राहायच्या, हातात काहीतरी काम घेऊन. मग दाराजवळच्या स्टुलावर आल्या. मग खुर्ची आत आली. मग बातम्यांवर शेरे सुरू झाले, मग “तिला सांग, मागचं पुन्हा वाच,” आणि एक दिवस “सरक जरा, ते मागे जायचं बटण कुठलं ते दाखव.” सुनेने त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. बोट थंड होतं.

साडेतीन महिन्यांनी, अशाच एका दुपारी, सासूबाईंनी बटण दाबून बाईला गप्प केलं.

“त्या पत्रात काय होतं गं?”

“कुठल्या?”

“वेड पांघरू नकोस. तुला ठाऊक आहे कुठल्या.”

सुनेने सांगितलं. दोन्ही चौकटी सांगितल्या.

“म्हणजे तुझं जुनं राहिलं असतं.”

“राहिलं असतं.”

“मी ते वाचलंच नव्हतं. वाचता आलं नाही. जिथे बघते तिथलंच अक्षर नाहीसं होतं, कडेकडेचं दिसतं.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच शेऱ्याशिवाय येत होता. “एकतीस वर्षं लोकांचे पत्ते लावले. आणि घरातलं एक पत्र खोटं वाचलं, ते तुझं.”

“माझं उलटं होतं,” सून म्हणाली. “माझ्या कडा आधी गेल्या. मधलं शेवटपर्यंत होतं. मी माझ्या आईला सांगितलंच नाही, एका परीक्षेत कोरा पेपर दिला तेव्हा कळलं तिला.”

“मारलंन्?”

“नाही. जेवली नाही दोन दिवस.”

सासूबाईंनी चाचपडत सुनेचा हात शोधला. दोन्ही हातांनी शोधावा लागला.

“मूर्ख आहेस,” त्या म्हणाल्या. “माझ्यासाठी कोणी असं करायचं असतं का? आता किती होतात तुझे?”

“सोळा.”

“उद्यापासून दुपारचा तास बंद. तू काम कर, मी कान लावून मुकाट बसते.”

“तास बंद नाही. मलाही त्या पुलाचं काय झालं ते ऐकायचं असतं.”

सुनेचे अहवाल दीड वर्षाने एकवीसपर्यंत आले, त्याच्यापुढे कधी गेले नाहीत. टेलिफोनचं काम तिला आवडायला लागलं होतं, ते तिने निवृत्त होईपर्यंत सोडलं नाही. आता ती आठवड्यातून दोन दिवस, उतारवयात नजर गेलेल्या लोकांना कॉम्प्युटर शिकवते. रेकॉर्डवाल्या बाई तिच्या आधीच निवृत्त झाल्या आणि मुलीकडे राहायला गेल्या. अजून फोन करतात, अजून रागावतात. सावकाशने नोकरी सोडून दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते चांगलं चाललं आहे. नवऱ्याला आईच्या डोळ्यांचं सगळ्यांत शेवटी कळलं. आईनेच त्याला दवाखान्याच्या जिन्यावर सांगितलं, एका वाक्यात, आणि पुढच्या वाक्यात त्याच्या बुटांवरून बोलली. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्याने लिफ्टचं काम सोडलं. आता घरात तोच स्वयंपाक करतो.

सासूबाई त्या दुपारनंतर सात वर्षं जगल्या. त्यातली शेवटची चार त्यांना जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, पण त्या काळात त्यांनी जितकी पुस्तकं ऐकली तितकी आयुष्यात कधी वाचली नव्हती. त्या गेल्या त्या एका दुपारी, खुर्चीत, बाई वाचत असताना. सून शेजारीच बसली होती. बाई वाचतच राहिली, आणि सुनेने ते प्रकरण संपेपर्यंत तिला थांबवलं नाही.