केझायाबाईंचं दार

आमच्या नव्या राज्याच्या विधानसभेने कायदा केला, की सरकारी रस्ता कोर्टाच्या गावापासून ओहायो नदीपर्यंत 'केझाया स्ट्राउड हिच्या दारावरून' जाईल. सभासदांपैकी दोघे एकदा तिच्या खाणावळीत जेवले होते. तेवढाच त्यांचा या मुलखाचा भूगोल.

मग कोर्टाने वाट ठरवायला तीन माणसं नेमली. एनॉस पॉटरने त्यांना आपल्या दारूभट्टीत उतरवून घेतलं. तिघे बाहेर पडले आणि कुऱ्हाडीने झाडांवर खुणा करत निघाले ते थेट टेकडीवरून, भट्टीला खेटून. केझायाबाई राहिली खाली ओढ्याकाठी. खाणावळ बसली, तर तिला बहिणीकडे मोलकरणीसारखं राहावं लागणार होतं.

रस्ता खणायला कायद्याने प्रत्येक धडधाकट पुरुषाला फावडं घेऊन यावं लागे. मला वाचता येतं म्हणून मुकादम केलं. दुसरं कारण मला अजून सापडलेलं नाही.

बाई आली. "मुकादम, कायद्यात काय लिहिलंय?"

"तुमच्या दारावरून."

"मग?"

"मग... चुकलंच म्हणायचं."

"तुम्ही नुसतं म्हणतच बसा!"

सकाळी टेकडीवर गेलो, तर रस्त्याच्या कडेला तिचं दार उभं. चौकटीसकट. मागे घर नाही. नुसती चूल, बाक, मक्याच्या भाकरी आणि खारवलेलं डुक्कर. जमीन कुणाचीच नव्हती, म्हणजे सरकारची. गड्यांनी फावडी टाकली.

"दारातून या रे! घर आहे हे," बाई चुलीपासून ओरडली.

पॉटर खवळला. "मुकादम, उचला ते लाकूड!"

"कायदा पुन्हा एकदा वाचून बघतो," मी म्हणालो, आणि वाचतच राहिलो.

शेवटी त्याने कोर्टाच्या जज्ज ब्लॅन्शर्डना आणलं. जज्जसाहेब भुकेले. घोड्यावरून उतरले, दारापाशी गेले, टोपी काढली आणि टकटक केलं.

"कोण आहे?" समोर उघड्यावर बसलेल्या बाईने विचारलं.

"जज्ज ब्लॅन्शर्ड."

"बूट पुसून या."

त्यांनी पुसले.

"अहो साहेब, बाजूने जा की!" पॉटर ओरडला.

"परक्या बाईच्या घरात बाजूने घुसू?" जज्जसाहेब म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. पण तोवर सगळ्या गड्यांनी ऐकलं होतं.

उरलेलं घर त्याच आठवड्यात ओंडका ओंडका करून वर आलं, गड्यांच्याच खांद्यावर.

"हे कसलं रस्त्याचं काम?" पॉटरने मला दरडावलं.

"कायद्यात दार आहे," मी म्हणालो. "आणि दाराला घर लागतं."

एवढं धीट बोललो, आणि मग पॉटरच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून बराच वेळ ओढ्याकडे बघत उभा राहिलो.