साठ लिटरची टाकी

खोटं वाटलं तर वाटू द्या, पण आकडे मी बदलणार नाही. तीस वर्षं पंपावर नोझल धरलंय. स्कूटर साडेपाच लिटर, टॅक्सी पस्तीस, ट्रक दोनशेच्या पुढे. गाडी आत वळतानाच तिची टाकी सांगायचो. भरत आली की आवाज बारीक होतो, खटका पडतो आणि नोझल आपोआप थांबतं. त्यानंतर आम्हा पंपवाल्यांची एक खोड असते. आणखी एकदोनदा दाबून राउंड फिगर करायची. सत्तेचाळीसवर आकडा सोडला तर जेवण पचत नाही.

गावातल्या शववाहिकेची टाकी साठ लिटरची. तिच्या ड्रायव्हरला आम्ही बडबड्या म्हणायचो, कारण तो कधी तोंड उघडत नसे. सकाळी यायचा, बोटाने टाकीकडे खूण करायचा, म्हणजे फुल. एके दिवशी त्या टाकीत ब्याऐंशी लिटर डिझेल गेलं.

“टाकी आहे की विहीर?” मी म्हणालो. वाकून खाली पाहिलं, थेंब सांडलेला नव्हता. संध्याकाळी समोरचा शिंपी गेला. ब्याऐंशी वर्षांचा.

योगायोग म्हणून सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात एकाहत्तर लिटर गेलं आणि शाळेतल्या जुन्या बाई गेल्या, एकाहत्तराव्या वर्षी. एकदा तर खटका नवावरच पडला. त्या दिवशी जेवणाचा डबा मी न उघडता घरी नेला. तेव्हापासून त्या गाडीपुरती राउंड फिगरची खोड आवरून धरली.

त्याच वर्षी माझी धाकटी बहीण ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. वय पन्नास. सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला, “दादा, आत नेलंय तिला.” फोन ठेवतो तर शववाहिका पुढ्यात.

नोझल लावलं. चाळीस. पंचेचाळीस. अठ्ठेचाळीसला खटका पडला. सुटलो! आमची नव्हे, दुसरंच कोणीतरी! आणि त्या आनंदात, देवाशपथ सांगतो, माझा हात आपोआप दोनदा दाबला गेला.

पन्नास.

“हे दोन लिटर परत काढता येतील का हो?” मी विचारलं. बडबड्याने नुसती नकारार्थी मान हलवली. मग मी दाबतच सुटलो. एक्कावन्न, बावन्न. त्रेपन्न डोळे मिटून ओलांडला, ते माझं वय. चोपन्नला टाकीच्या तोंडातून फेस वर आला आणि मी नोझल बाहेर काढलं.

बडबड्याने मीटरकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा माझ्याशी बोलला. “बरोबर माझ्यावर आणून थांबलास की रे.”

संध्याकाळी तो गेला. चोपन्नचाच होता. बहीण आठव्या दिवशी घरी आली, अजून माझ्याशी कडाकडा भांडते. अठ्ठेचाळीसवाला कोण होता कोणास ठाऊक. जगला असेल बिचारा. शववाहिकेवर ड्रायव्हर म्हणून बसायला मात्र कोणी तयार होईना. मीच बसलो. तेवढी लाज मला होती.

सात वर्षं झाली त्याला. पंपावर आता एक बाई आहे, चपळ हाताची. तिला रोज बजावतो, “ताई, खटका पडला की हात काढायचा. राउंड फिगर नको.”

“काका, अर्धवट आकडा बघवत नाही हो मला. आणि तुमच्या टाकीला तळ तरी आहे का?”

आज सकाळी ती बोलण्याच्या नादात होती. अठ्ठावन्नला खटका पडला आणि तिने दोनदा दाबून साठ केले. मला गेल्याच महिन्यात साठ वर्षं पूर्ण झाली.

आणखी एकदा दाबलं असतं की एकसष्ट. मी नोझलपर्यंत हात नेलासुद्धा. पण एकसष्टवरही कोणीतरी उभं असणारच, कोणाचा तरी दादा. हात मागे घेतला.

“बघा, कसा छान आकडा आला!” ती म्हणाली.

“छान आला,” मी म्हणालो.

म्हणून आज जरा घाईत सांगतोय. ऊन भिंतीवरून उतरलंय, आणि गाडी दाराशीच उभी आहे.