हातमोज्यातलं बोट

माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट तसं गुणी आहे. शर्टाची बटणं लावतं, दुधाची पिशवी फाडतं, भांडताना हात नाचवायलाही कमी पडत नाही. फक्त बेस गिटारच्या तारेजवळ नेलं की तळहाताकडे वळतं आणि मुडपून बसतं. दुखत नाही, सुजत नाही. रुसलेलं पोर कोपऱ्यात बसावं तसं नुसतं बसतं.

सव्वीस वर्षं मी बेस वाजवते. हॉटेलांत वाजवला, जहाजावर वाजवला, लोक जेवत असताना त्यांच्या पाठीकडे बघत वाजवला. गाणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. बेसवाली आजारी पडली की मात्र 'आज काहीतरी पोकळ वाटतंय' एवढंच लोकांना कळतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती आता जुनी झाली.

या वर्षी पहिल्यांदाच एका नाटक कंपनीने बोलावलं. कायमची जागा. अट एकच: त्यांच्या नव्या नाटकात घेतलेला, माझ्या जुन्या ओळखीचा, एकट्या बेसचा चार मिनिटांचा तुकडा परीक्षेत वाजवून दाखवायचा. आधी उजव्या हाताच्या दोन बोटांनी तारा छेडायच्या, मग दोन्ही हात गिटारच्या दांडीवर आणायचे आणि बोटं तारांवर आपटत डाव्या हाताने खालचे सूर, उजव्याने वरची धून, असं दोन्ही एकदम काढायचं. सहा तारांच्या बेसवर हे फार सुंदर वाजतं. दोन वर्षांपूर्वी मी ते झोपेतसुद्धा वाजवलं असतं. आता परीक्षेला तीन आठवडे होते आणि बोट रुसलेलं.

डॉक्टरीण बाईंनी माझा हात उलटासुलटा करून पाहिला. "हे बोटाचं दुखणं नाही, मेंदूचं आहे. तीच हालचाल लाखो वेळा केली की शेजारच्या दोन बोटांमधली हद्द मेंदूत पुसली जाते. एक हलवायला गेलात की दुसरं ओढलं जातं. वाजवणं पूर्ण बंद करा. वर्षभर."

"मग बरं होईल?"

"तसं सांगता येत नाही. पण सरावाने वाढेल, हे नक्की."

मी त्यांचे आभार मानले, घरी आले आणि पाच तास सराव केला. दुसरं काय करणार होते? आमच्या घरात सर्दी सोडली तर प्रत्येक गोष्टीवर रियाज हेच औषध. बाबा स्वतः उभा, मोठा बेस वाजवायचे. लहानपणी माझी एक जागा चुकली की ती पन्नास वेळा, आणि एकोणपन्नासाव्या वेळी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. आता त्यांचे गुडघे गेलेत. पलंग माझ्या सरावाच्या खोलीला लागून, मध्ये पातळ भिंत. दुपारभर ते कान लावून पडलेले असतात. डॉक्टरीण बाईंबद्दल मी त्यांना काही बोलले नव्हते.

"घाई होतेय!" भिंतीपलीकडून आवाज येई. "मधलं बोट कुठे गेलंय फिरायला?"

"येतंय, बाबा!"

माझा नवरा कवळ्या बनवतो. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून घरी येतो, म्हणून विनोद करायचा हक्क आपल्यालाच आहे असं त्याला वाटतं. "नवऱ्याला बोटावर नाचवणाऱ्या बायका ऐकल्या होत्या," तो म्हणाला, "पण बायकोला नाचवणारं बोट आपल्याच घरात निघालं." मी हसले नाही. मग तो माझ्या शेजारी बसून माझा हात चोळत राहिला.

त्याच्या खिशात कामावरचे पातळ रबरी हातमोजे नेहमी सापडतात. एकदा गिटारच्या दांडीला तेल लावायला म्हणून मी त्यातला एक चढवला, आणि पुसता पुसता सहज तार छेडली. पहिलं बोट. मधलं बोट. पहिलं. मधलं.

मधलं बोट वळलं नाही.

मी ओरडलेच. बोटाला त्या रबरातून तार ओळखू आली नसावी. आपण बटण लावतोय असं समजून ते बिचारं निमूट काम करत होतं. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी अख्खा खोका आणला. आठ दिवस मी हातमोजा घालून वाजवलं. आवाज थोडा दबका येई, घामाने हात भिजे, पण चारही मिनिटं सलग निघायची. पलीकडून बाबा टाळ्या वाजवायचे. त्या आठ दिवसांत मी किती सुखात होते ते सांगायचीसुद्धा लाज वाटते.

नवव्या दिवशी बोटाला कळलं. रबराच्या आत, माझ्या डोळ्यांदेखत, ते हळूहळू मुडपलं. मी दोन हातमोजे चढवले. मोठ्या मापाचा घातला, ओला करून घातला. मग छेडणं बाजूला ठेवून नुसता दोन्ही हातांचा भाग घेतला आणि मधल्या बोटाला सुट्टी देऊन उजव्या हाताची धून पहिल्या आणि तिसऱ्या बोटावर बसवली. तीन दिवस जमलं. चौथ्या दिवशी तिसरंही मधल्याच्या मागोमाग वळायला लागलं. डॉक्टरीण बाई खोटं बोलल्या नव्हत्या. मी रोज पाच तास मेहनत करून माझाच हात बिघडवत होते.

तरी परीक्षेला गेले. तीन माणसं खुर्च्यांवर बसली होती. त्यांच्या संगीत दिग्दर्शकाने हातमोज्याकडे पाहिलं आणि सुरू करायची खूण केली. पहिल्या ओळीच्या शेवटी बोट मिटलं, सूर गळाला. "हवं तर पुन्हा सुरू करा," तो सौम्यपणे म्हणाला. दुसऱ्यांदा पहिली ओळही पुरी झाली नाही. तिसरी संधी मी मागितली नाही. मी गिटार पेटीत ठेवत असताना त्या तिघांनी सभ्यपणे आपापल्या कागदांत डोकं घातलं.

"निकाल पुढच्या आठवड्यात," मी बाबांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सवयीने खोलीत जाऊन बसले. बेस मांडीवर घेतला. हात तारांपर्यंत गेलाच नाही. नवऱ्याची सुट्टी होती, तो दारात उभा होता.

"काय गं," पलीकडून बाबा, "आज मुहूर्त बघून सुरू करणार आहेस का?"

नवऱ्याने स्वतःचा फोन माझ्या स्पीकरला जोडला. मी हाच तुकडा दोन वर्षांपूर्वी याच खोलीत वाजवला होता, तो त्याने तेव्हा उगाच टिपून ठेवलेला. चारही मिनिटं, एकेक सूर सुटा. दोन्ही हात मांडीवर ठेवून मी ऐकत राहिले. त्या बाईचा मला भयंकर हेवा वाटला.

तुकडा संपला.

"सापडलं!" बाबांचा आवाज भरून आला होता. "बघ पोरी, कालपरवापर्यंत अडखळत होतीस. आता सोडू नकोस. हात गरम आहे तोवर आणखी एकदा घे."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, तेव्हा त्याने पुन्हा पहिल्यापासून लावलं.