उपाशी तोंडाची सनई

सूर संपला आणि गणोजीनं रोजच्यासारखं भिंतीकडे तोंड फिरवलं. सनईची ओठांत धरायची पत्ती उपरण्याच्या टोकात धरून हलकेच पुसली आणि ते टोक मुठीत दडवलं. पण आज चौघड्यावरच्या दत्ताजीची टिपरी घरंगळत नेमकी त्याच्या पायाशी आली होती. ती उचलायला दत्ताजी वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"काय रे भिया, लाल काय ते?"

गणोजीनं मूठ आणखी आवळली. देवासच्या टेकडीवर, मातेच्या दारात, पहाटेची सनई उपाशी तोंडानं वाजवायची हा पणजोबांपासूनचा दंडक. पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, मग पानाची काय कथा.

"पान खाऊन वाजवून राहिला तू? देवीसमोर?"

बुडत्यानं काडी धरावी तसं गणोजीनं खोटं धरलं. "खाल्लं."

"बापाचं नाव बुडवलंस," दत्ताजी एवढंच म्हणाला. आणि लहानपणापासूनचा हा दोस्त एकटाच टेकडी उतरून गेला.

आता पहाटेला पान कसलं आणि काय. ते रक्त होतं. दसऱ्यापासून पत्तीवर उमटत होतं. गणोजीचे वडीलही सनईवाले. त्यांना खोकल्यातून रक्त पडू लागलं तेव्हा घरच्यांनी त्यांची वळकटी गोठ्यात नेऊन टाकली होती. छोटा गणोजी त्यांची थाळी उंबऱ्याशी ठेवून मागच्या पावली परत यायचा. सनई माणसाची छाती पिऊन टाकते, असं गावात म्हणत. म्हणून दसऱ्याला पत्तीवर पहिला लाल ठिपका दिसताच गणोजीनं स्वतःच निदान करून टाकलं, क्षय. वैद्याची गरजच काय?

मग त्यानं काय केलं, तर ज्याला पानाचा वाससुद्धा सोसत नसे तो दुपारपासून निजेपर्यंत पान चघळू लागला. लाल थुंकलं तरी कोण विचारतंय? बायकोला, भवानीबाईला, सांगितलं की नवस बोललोय, माझी थाळी वेगळी वाढ. धाकटी सुमंगला मांडीवर उडी मारायला आली की "पाठ दुखते गं" म्हणून तिला उतरवायचा. मग ती खांबाला टेकून त्याच्याकडे बघत बसायची. ते बघणं मात्र त्याला कुठल्याही पानानं झाकता येत नसे.

दुपारी दत्ताजी घरी आला तोच तणतणत. "वहिनी, सांभाळा याला. पहाटे पान खाऊन वर चढतो. उपरण्याला लाल पुसतो."

भवानीबाई तांदूळ पाखडत होती. "कुठलं पान, भावजी? डबा तर मी रात्री उशाशी घेऊन झोपते. उंदीर सुपाऱ्या पळवतात."

बोलता बोलता तिचे हात थांबले. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं जमिनीकडे. वेगळी थाळी, उतरवलेली पोर, रोज स्वतःच धुतलेलं उपरणं, सगळं तिच्या डोळ्यांपुढे एका रांगेत येऊन उभं राहिलं. सूप बाजूला ठेवून तिनं डोक्यावर पदर घेतला.

"उठा. दवाखान्यात जायचं."

देवासात राजे दोन, थोरल्या पातीचा आणि धाकट्या पातीचा, आणि दोघांचे दवाखानेही वेगळे. "अगं, आपण थोरल्या पातीची माणसं. जवळचा दवाखाना धाकट्या पातीच्या राजाचा..."

"रक्ताला काय ठाऊक ते कुठल्या राजाचं. उठा म्हणते ना."

त्या जवळच्याच दवाखान्यात मल्हारराव डॉक्टरांनी छातीला नळी लावली. पुढून ऐकलं, पाठीकडून ऐकलं. मग म्हणाले, "चूळ भरा. आणखी एक. आता छातीतून खाकरून थुंका."

भांड्यात पांढरं पडलं. डॉक्टरांनी कापसाचा बोळा खालच्या हिरडीवर दाबून काढला. तो लालभडक.

"छाती तुमची नगाऱ्यासारखी आहे, गणोजी. रक्त हिरडीतलं."

"पण वाजवताना येतं."

"पत्तीसाठी ओठ आवळला की तो हिरडीवर दाबला जातो. दुखऱ्या हिरडीला तेवढं पुरतं."

तरी गणोजीचा विश्वास बसेना. तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या दाताच्या मुळाशी साचलेलं किटण खरवडलं, काचेवर पसरलं आणि प्लेगच्या साथीत आणलेल्या पितळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. गणोजीनं डोळा लावला. उजेडात बारीक काड्या, धागे, ठिपके, आणि काही तर चक्क वळवळत होते, जत्रेत माणसं एकमेकांना ढकलतात तसे.

"हे माझ्या तोंडातले?"

"जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात. किटण साचलं की त्यांना घर मिळतं. मग हिरडी सुजते, रक्त सोडते, दातापासून सुटते. आतलं हाडही झिजतं आणि दात हलायला लागतो. रक्त येतं म्हणून तिथं घासायचं सोडलंत ना?"

गणोजीनं मान हलवली. तिथं कडुलिंबाची काडी लागली की लाल व्हायची, म्हणून तो तेवढं टाळायचा.

"तेच चुकलं. वर पानाच्या चुन्याचे थर."

"म्हणजे लपवायला खाल्लं तेच भोवलं," भवानीबाई म्हणाली आणि तिला हसू फुटलं. हसता हसता पदर डोळ्यांना लागला आणि मग बराच वेळ तो तिथून निघालाच नाही.

"माझ्या बाबांचंही असंच असेल का?" गणोजीनं हळूच विचारलं.

"न तपासता कसं सांगू?" डॉक्टर म्हणाले. "हा खालचा पुढचा दात मात्र काढावा लागेल. बाकीचे वाचतील. रोज घासा, मिठाच्या पाण्याच्या चुळा भरा. पान बंद. पत्तीही धूत जा."

"आणि सनई?"

"ते तुम्हीच वाजवून सांगा."

त्या रात्री भवानीबाईनं थाळ्या मांडल्या त्या एकाच ओळीत. सुमंगला आधी खांबाशीच उभी राहिली. गणोजीनं मांडी थोपटली, तशी ती अशी आदळली की त्याच्या हातातला घास सांडला.

दाताची जखम भरल्यावर तो पुन्हा टेकडी चढला. दत्ताजी शेजारी येऊन बसला. "मला का नाही बोलला रे?"

"बोललो असतो तर शेजारी बसला असता?"

दत्ताजीनं विचार केला. "बसलो असतो. जरा लांब."

दोघंही हसले. गणोजीनं सूर लावला. दाताच्या फटीतून हवा निसटली, सूर घसरला. दत्ताजीनं टिपऱ्या अधांतरी धरल्या आणि वाट पाहिली. गणोजीनं ओठ जरा डावीकडे आवळला, पुन्हा फुंकलं. पहिल्यासारखा नव्हता, पण सूर धरला.

"गळतोय भिया, थोडा."

"गळू दे."

मग गावाकडे तोंड करून त्यानं पत्ती पुसली आणि उपरण्याचं पांढरं टोक गुडघ्यावर सर्वांदेखत पसरून ठेवलं. खाली उजाडत होतं. बाबांना ठेवलेला घरामागचा गोठा दिसू लागला होता. तिकडे बघत त्यानं पत्ती पुन्हा ओठांत धरली.