पाचवा शिपाई

व्हेरिटी प्रोबर्टचा नवरा ग्रिफ फेब्रुवारीत मोहिमेवर गेला, आणि कुठे गेला हे तिला ठाऊक नव्हतं. इंग्लंडमधल्या हेरफर्डमध्ये, लष्कराच्या छावणीच्या गावात, याचं कुणाला नवल वाटत नाही. पलटणीतली निवडक माणसं कुठे जातात आणि कधी परततात, हे बायकोनंही विचारायचं नाही, अशीच तिथली रीत.

व्हेरिटी चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि घरी आली की बोटभर उंचीची माणसं रंगवायची. समोरच्या घरातले लायनल प्रीस, भूगोलाचे निवृत्त मास्तर, दर रविवारी दुपारी भुताखेतांचा खेळ मांडायचे. लायनल गोष्ट सांगायचे, बाकीचे त्यातली पात्रं व्हायचे, आणि कोण जगणार, कोण मरणार ते फासे ठरवायचे. पात्रांचे पुतळे व्हेरिटीचे. आजवर तिनं बुडालेले कोळी रंगवले होते, कबरी उकरणारे रंगवले होते, आणि त्यांच्या शेजारी खुशाल झोपलीही होती.

ईस्टर उलटल्यावर लायनलनी तिच्यापुढे नवी डबी ठेवली. आत पाच बिनरंगी शिपाई.

"या खेपेला आजकालचे कमांडो," ते म्हणाले. "वेल्समधल्या पाणी भरलेल्या खाणीत उतरवायचेत. कपडे, बुटं कशी असतात ते तुला मी काय सांगणार?"

"त्यातले वर किती येणार?" तिनं विचारलं.

"बघू या."

"बघायचंय काय त्यात?" डिलिस बफ्टन म्हणाली. डिलिस बेकरी चालवायची आणि खेळात सगळ्यात मोठ्यानं ओरडायची. "नवा रंगवलेला पहिला मरतो! दरवेळी तेच होतं." बोलून गेल्यावर तिला ग्रिफची आठवण झाली असावी. तिनं घाईघाईनं केकचा तुकडा व्हेरिटीच्या बशीत सारला.

रंगवताना व्हेरिटीला चित्रं बघावी लागली नाहीत. दोरीवर वाळत घातलेली ग्रिफची विजार गुडघ्यांवर किती विटते, हातमोज्यांची टोकं कशी काळपट पडतात, सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं. पातळ तपकिरी रंगाचा हात दिला की घड्यांमध्ये सावली उतरायची आणि शिपाई जिवंत वाटायचा. चौघांच्या डोळ्यांवर अंधारात बघायच्या दुर्बिणी होत्या, त्यामुळे चेहरे असे नव्हतेच. पाचवा मात्र उघड्या डोक्याचा. एक गुडघा टेकून, मान कलती करून तो काहीतरी ऐकत होता. तिनं त्याला तांबूस दाढी दिली आणि ओठाखाली पांढरा ठिपका टेकवला.

चहा घेऊन परत आली तर टेबलावर ग्रिफ गुडघा टेकून बसला होता.

ओठाखालचा तो पांढऱ्या केसांचा झुबका ग्रिफच्याच दाढीत होता. हातानं तो आपसूक काढला होता, तिला न विचारता. तिनं कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवला, पुतळ्याच्या तोंडाजवळ नेला, आणि तिथंच तिचा हात थांबला. हा चेहरा आपल्याच हातानं पुसायचा? आणि न पुसावा, तर त्याला त्या खाणीत धाडायचा? वेडेपणा आहे, असं ती स्वतःला मोठ्यानं म्हणाली. तिनं बोळा फेकला आणि पुतळा रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला.

रविवारी तिनं लायनलच्या टेबलावर चारच मांडले.

"पाचवा कुठाय?" लायनलनी विचारलं.

"नीट जमला नाही."

"तुला जमला नाही? आण बघू इकडे," म्हणत डिलिसनं तिची पिशवी ओढली आणि रुमालात गुंडाळलेला पुतळा बाहेर काढला. "अगं बये, हा तर सगळ्यात देखणा! हा माझा."

नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. तिनं पुतळा डिलिसकडेच राहू दिला.

खेळ सुरू झाला. लायनलचा आवाज खाली उतरला तसे शिपाई खाणीत उतरले. पाण्यापलीकडून कुणीतरी त्यांना हाका मारत होतं, त्यांच्याच घरच्या माणसांच्या आवाजात. "तुझ्या शिपायाला बायकोची हाक आलीय," लायनल डिलिसला म्हणाले. "तो उठून जातो की थांबतो? टाक फासा."

व्हेरिटीला ऐकवेना. तिनं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं.

रस्त्यापलीकडे तिच्या घरासमोर एक काळी गाडी थांबत होती. गणवेशातला एक अधिकारी आणि गडद कोटातली एक बाई उतरली. अधिकाऱ्यानं टोपी सारखी केली. दोघं तिच्या फाटकाकडे निघाले.

फासा टेबलावर खडखडला. कुणी तो पाहिला नाही. डिलिसनं खिडकीबाहेर पाहिलं आणि तोंडावर हात घेतला.

"व्हेरिटी, पोरी, मी येतो तुझ्याबरोबर," लायनल म्हणाले.

"नको."

रस्ता तिनं कसा ओलांडला ते तिला कळलं नाही. पाय आपले चालत होते आणि कानांत नुसता घूं आवाज. हाक मारायचीच नाही, म्हणजे ते वळणार नाहीत, बोलणार नाहीत, आणि तोवर ग्रिफ जिवंत राहील, असं काहीतरी मनात चाललं होतं. पण ते वळलेच.

"मिसेस ग्विलियम?" कोटातल्या बाईनं हळू आवाजात विचारलं.

"नाही," व्हेरिटी म्हणाली. "ती शेजारी. पलीकडचं दार."

स्वतःचा आवाज तिनं ऐकला. तो हलका होता. जवळजवळ आनंदी.

बेट्सन ग्विलियमनं दार उघडलं तेव्हा तिच्या हातांना कणीक लागलेली होती. तिनं टोपी पाहिली, कोट पाहिला, आणि कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या व्हेरिटीचा चेहरा पाहिला. मग ती दारातच मटकन खाली बसली.

पाहुणे गेल्यावर व्हेरिटी तिच्या स्वयंपाकघरात गेली आणि न विचारता किटली ठेवली. बराच वेळ बेट्सन नखांतली कणीक काढत राहिली.

"ग्रिफ माझ्या नवऱ्याच्याच तुकडीत होता ना?" तिनं अखेर विचारलं.

"एकत्रच गेले होते. पुढचं मला कुणी काही सांगितलं नाही."

"सांगतील." बेट्सननं मान वर केली. "तू हसत होतीस. तिथं कुंपणापाशी."

व्हेरिटीला नाही म्हणायचं होतं. "हो," ती म्हणाली.

"मीपण हसले असते," बेट्सन म्हणाली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली.

दोन दिवस व्हेरिटी तिथंच राहिली. बाहेर गाडीचा दरवाजा वाजला की दोघी दाराकडे बघायच्या; बेट्सनला आता भ्यायचं कारण उरलं नव्हतं, तरीही. मंगळवारी दुपारी व्हेरिटीचा फोन वाजला. ग्रिफचा आवाज खोल गेलेला होता.

"मी आहे," तो म्हणाला. "जास्त बोलता येणार नाही. बेट्सनजवळ कुणी आहे का?"

"मी आहे."

"मग तिथंच थांब."

फोन बंद झाला. शेजारच्या खोलीतून बेट्सननं विचारलं, "कोण होतं गं?"

व्हेरिटीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. चेहऱ्यावरचं हसू मावळल्याची खात्री होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली, आणि मगच आत गेली.