मागची कडी

मी एक जुनं कपाट आहे. नाटकातलं. पण मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. मी पुठ्ठ्याचं नाही, अस्सल लाकडाचं आहे. मला उचलताना चार माणसांच्या तोंडून जे शब्द निघत, ते इथे सांगण्यासारखे नाहीत.

आमच्या नाटकात एक आत्या घरात घुसलेल्या चोराला गोड बोलून माझ्यात शिरायला लावते आणि कडी घालते. आता गंमत ऐका. माझ्या पाठीलाही एक दार आहे. चोर झालेला नट तिथून बाहेर पडून विंगेत निवांत चहा प्यायचा. त्या दाराची कडी दौऱ्यावर, ट्रकमध्ये दार उघडू नये म्हणून लागायची. दौरे थांबले आणि ती बिनकामाची झाली. तरी कपडे सांभाळणारी धाकटी तिला दर आठवड्याला तेल घालायची. सगळे तिची टर उडवायचे.

आत्याचं काम करायची ती तिची थोरली बहीण. नवऱ्याचा मार सोसवेना, म्हणून धाकटी तिच्याकडे आली होती. "शोधून काढीन आणि जीव घेईन," अशी त्याची धमकी होती.

एका दुपारी, भर प्रयोगात, तो प्रेक्षकांतून थेट रंगमंचावर चढला. हातात सुरा, अगदी खरा.

"कुठंय ती?"

प्रेक्षकांना वाटलं, हाच चोर. टाळ्या पडल्या! आमचा चोर विंगेत लाकडी सुरा धरून आ वासून उभा. आणि धाकटी नेमकी माझ्या पाठीमागे, हातावर इस्त्रीचे कपडे घेऊन.

थोरली पांढरीफटक पडली, पण आवाज कापला नाही. "ओरडू नका हो. कपाटात लपलीय, कपड्यांमागे." मग मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "जातेय कुठे? मागची कडी पक्की लावलीय!"

माझ्या काळजाचं पाणी झालं. कडी कुठे लावली होती?

तो आत शिरला. मागच्या फटीतून धाकटीला त्याचे बूट दिसले. ती पळाली नाही. कपडे खाली टाकून तिने दार लोटलं आणि कडी सरकवली. कडी जराही कुरकुरली असती, तर तो दार ढकलून तिच्या अंगावर गेला असता. पण ती आवाज न करता बसली. पुढून थोरलीने दुसरी घातली. त्याने आतून धडका मारमारून मला खिळखिळं केलं, पण मी सोडतंय कसलं! पोलीस येईपर्यंत प्रेक्षक टाळ्याच वाजवत होते.

आता नाटक बंद झालंय. मी गुदामात धूळ खात पडलंय. मित्रांनो, एवढंच मागणं आहे, एखादी वस्तू आज लागत नाही म्हणून तिला गंजू देऊ नका.

धाकटी अजून दर आठवड्याला येते. मागच्या कडीला तेल घालते, ती एकदा लावून बघते, मग निघते. आता तिला कोणी हसत नाही.