एका ताऱ्याचा फोकस

ताईला कुणालाच नाही म्हणता येत नसे, आणि त्यापायी ती जन्मभर नसत्या भानगडीत सापडत आली होती. धाकट्या भावाने विचारलं, "ताई, टेकडीवर येशील?" तेव्हाही ती हो म्हणून मोकळी झाली.

भावाचा फोटो स्टुडिओ होता. तीस वर्षं लोकांना हनुवटी वर करायला लावून त्याने पोट भरलं, पण जीव अडकलेला आकाशात. पाऊस सरला, शरदातलं आकाश स्वच्छ झालं, की अमावास्येला तो वाइड अँगल लेन्स घेऊन निघायचा. अख्खं आकाश एका फोटोत मावलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. अंधारातलं दिसणं गेलंच होतं. उजेडातलं फार तर वर्षभर टिकेल म्हणाले. म्हणजे आकाशाचे हे शेवटचेच फोटो.

टेकडीवर त्याने चाचपडत कॅमेरा स्टँडवर चढवला. छोट्या स्क्रीनवरचा तारा त्याला दिसेना, म्हणून ताईचा हात लेन्सच्या फोकसच्या कडीवर ठेवला.

"हळूहळू फिरव. ठिपका बारीकात बारीक झाला की थांब."

ताई जवळचा चष्मा घरी विसरली होती. सांगितलं तर हा हिरमुसणार! तिने अंदाजपंचे कडी फिरवली.

"झाला?"

"झाला की. अगदी सुईच्या टोकाएवढा."

कडी हलू नये म्हणून त्याने नेहमीसारखी चिकटपट्टी लावली आणि पहाटेपर्यंत दोनशे फोटो काढले. इतका खूश तो कित्येक महिन्यांत नव्हता.

सकाळी स्टुडिओतल्या मोठ्या स्क्रीनवर फोटो उघडले. ताईने चष्मा लावून पाहिलं. एक तारा धड नव्हता, सगळे कापसाचे बोळे.

भाऊ स्क्रीनला नाक लावून बसला होता. "मला सगळं फुगलेलं दिसतंय. तुला गं?"

"छान आलेत की," सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं.

तो मागे टेकला. "म्हणजे उजेडातलंही गेलं," म्हणाला. "स्टुडिओची पाटी उतरवायला हवी आता."

"अरे, नाही रे! फोटोच बिघडलेत. मी चष्मा विसरले होते, खोटं बोलले तुझ्याशी!" ताईला रडू आवरेना.

"उगाच समजूत काढू नकोस, ताई."

"आईशप्पथ! गेल्या वर्षीचा फोटो उघड, म्हणजे कळेल तुला."

त्याने माउसवर हात ठेवला. हात तिथेच राहिला.

"नको," तो म्हणाला. "तोही असाच दिसला तर?"